मान्योकचं नाव आलं तेव्हा

जुबा, ३० जुलै २०१२

प्रिय अलुएल,

तुझी माणसं बरी आहेत ना? गाई बऱ्या आहेत ना? तुझ्या आईचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक. मोटारसायकलवर भाडी मारतो. बाजार ते पूल, पूल ते बाजार. कॉलेजकडचं भाडं मात्र घेत नाही. मध्येच सोडलं ते सोडलं.

आज हुतात्मा दिन. दुकानं बंद, भाडं नाही. म्हणून लिहितो आहे. खरं तर म्हणून नाही.

तीन महिने तुला उत्तर दिलं नाही. एप्रिलमध्ये गावी बोरला येऊन बियारकाकांकडे तुझ्या घरी लग्नासाठी द्यायच्या गाई मागितल्या, तेव्हा काय झालं ते तुला दुसऱ्यांकडून कळलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

काका म्हणाले, "गाई एकाच लग्नापुरत्या आहेत. थोरला आधी."

"थोरला भाऊ लढाईत मेलाय, काका."

"म्हणून तर! जिवंत असता तर त्याने स्वतःच मुलगी मागितली असती. मुलगी तू चांगली निवडलीस, तीच आणू. लग्न मान्योकच्या नावाने, त्याच्या जागी उभा राहा तू. घर तुझं, अंथरूण तुझं. मुलं तेवढी त्याची. नावाला काय खायला घालावं लागतं?"

मी स्टुलाला लाथ मारली. ते हसले. "पाय चांगला आहे. ज्वारी कापेपर्यंत विचार कर. तू नाही तर तुझा चुलतभाऊ माकुएइ उभा राहील."

मग तुझा निरोप आला. 'नाव गाईंच्या गळ्यात बांध. दारात येणारे पाय कुणाचे, तेवढं सांग.' मला तुझाच राग आला. तू इतक्या सहज कशी म्हणालीस? मी तुझ्यासाठी भांडत होतो, आणि तुला नावाचं काहीच नव्हतं. मला होतं. माझ्या मुलाला कुणी हाक मारली की मागे मान्योक लागणार. माझं आतेम कुठेच नाही.

आज आई म्हणाली, "चर्चला सोड मला." दारात म्हणाली, "आत ये, ऊन आहे." इतक्या वर्षांत मी या दिवशी कधी आत गेलो नव्हतो.

म्हातारे उपदेशक लढाईत मेलेल्यांची नावं वाचतात. नाव आलं की त्या माणसाची मुलं उभी राहतात. एक पोट सुटलेला शिपाई उभा राहिला. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी राहिली. मग मान्योकचं नाव आलं.

उपदेशकांनी वर पाहिलं. थांबले. आई स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मला वाटलं आपण उठावं. पण तिथे भाऊ उभे राहत नाहीत. मागून कुणीतरी पुटपुटलं, "याचं कुणी नाही वाटतं." मग पुढचं नाव.

एरवी मी मागे वळून त्याची गचांडी धरली असती. राग यायची वाट पाहिली. आला नाही.

परतताना आई एवढंच म्हणाली, "दर वर्षी थांबतात ते. चांगला माणूस आहे."

घरी येऊन भेंडीचं कालवण आणि ज्वारीच्या पिठाचा असिदा खाल्ला. चव कळली नाही. मान्योकचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. त्याचा शर्ट आठवला. तो गेल्यावर मला घातला होता, गुडघ्यापर्यंत यायचा. विटला, फाटला, तोवर मीच घातला. चेहरा नाही आला.

संध्याकाळी बोरला जाणाऱ्या ड्रायव्हरजवळ काकांना निरोप दिला: माकुएइला सांगू नका. हे पत्रही त्याच्याचजवळ देतो आहे.

तर, पाय माझे. मी आनंदात आहे का, ते विचारू नकोस. आत हात घातला तर काहीच लागत नाही.

मुलं मला बाबाच म्हणतील, मला माहीत आहे. पण चर्चमध्ये ते नाव आलं की उठायचं, हे तू शिकव त्यांना. मी शेजारी बसून असेन.

तुझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ,
आतेम