पालकाची सही

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. शाळेतल्या शोकसभेत तुमच्यावर मीच बोललो होतो, आणि बोलता बोलता मला रडू फुटलं होतं. ते भाषण आज मला परत घ्यावंसं वाटतंय. तुमचा लई राग आलाय. सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितोय. आणि आता मधे बोलू नका. तुम्हाला फार सवय होती मधे बोलायची.

मी किनवटकडं आश्रमशाळेवर खेळाचा मास्तर आहे, हे तुम्हाला ठाऊकच होतं. चार महिन्यांनी रिटायर होतोय. तीस वर्षांत एकच पोरगी अशी निघाली की जिचा खेळ बघताना मी शिट्टी वाजवायची विसरलो. डाव्या पायाची. सहावीत होस्टेलला आली तेव्हा अनवाणी खेळायची, बूट दिले तर म्हणाली, "सर, ह्यात पाय मुका होतो." सोळाव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्लबानं तिला उचललं. टीव्हीवरच्या लीगमधला क्लब, मालक कुठली तरी कंपनी. त्यांचा माणूस गाडी घेऊन आला, सोबत फोटोवाला, गळ्यात घालायला क्लबाचा मफलर. एप्रिलच्या उन्हात मफलर! करार इंग्रजीत, चौदा पानं. शेवटच्या पानावर पालकाची सही पाहिजे होती. बाप नाही, आई सरहद्दीपलीकडं तेलंगणात मजुरीला गेलेली. मी पेन काढला आणि 'पालक' लिहिलं होतं तिथं माझी सही ठोकली. पोरीनं विचारलं, "सर, ह्यात काय लिहिलंय?" मी म्हणालो, "कागदाचं मी बघतो, तू बॉल बघ."

हे वाक्य कुणाचं, सर? ऐकलं की मला अहमदपूरचं आपलं ग्राउंड दिसतं. लातूर नवा जिल्हा झाला ते साल. पाऊस नाही, विहिरी तळाला गेलेल्या, आमचे आईबाप पाझर तलावाच्या कामावर, कुणी पुण्याकडं, कुणी हैदराबादला. वर्गात निम्म्या पोरांच्या घरांना कुलपं. फीमाफीचा अर्ज असो, बोर्डाचा फॉर्म असो, 'पालक' लिहिलेल्या जागी तुमचीच सही. हिरव्या शाईची, शेवटी लांब शेपूट काढलेली. तुमच्या घरी आम्ही सातआठ जण जेवायचो. तुमच्या मंडळी ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, वर लाल चटणी आणि कच्चं तेल, आणि तुम्ही आमच्याबरोबर जमिनीवर बसून खायचे, "खाओ बेटा, दुपारी पळायचंय," म्हणत. तुम्ही हैदराबादला कॉलेजात असताना फुटबॉल खेळलेले, तिथली बोली तुमच्या तोंडातून कधी गेलीच नाही. मी तुम्हाला बाप मानत होतो. आणि तुम्ही माझ्या नावाचं काय केलं?

जिल्हा नवा, तर फुटबॉलची संघटना नवी पाहिजे. लातूरच्या मार्केट यार्डातले एक डाळमिलवाले अध्यक्ष व्हायला पुढं सरसावले. चेंडूत हवा भरतात का पाणी, हे त्यांना माहीत नव्हतं, पण अध्यक्ष झालं की राज्य संघटनेच्या निवडणुकीत मत मिळतं, पेपरात फोटो येतो. ते आपल्या शाळेच्या संस्थेवरही होते. अध्यक्ष क्लबांच्या मतानं निवडायचा, आणि जिल्ह्यात क्लब होते कुठं? मग तुम्ही हजेरीपट उघडला आणि आमच्या नावांचे चार क्लब कागदावर उभे केले. प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून तुमचीच सही. मी त्यांच्या मिलच्या नावाच्या क्लबाचा खेळाडू झालो. त्या क्लबानं आजपर्यंत एक मॅच खेळलेली नाही. ग्राउंड नाही, गोल नाही, बॉल नाही, पण मत आहे!

मग नांदेडचा क्लब मला घ्यायला आला. त्या क्लबातून पोरं पोलिसात, रेल्वेत लागत. त्या काळात फुटबॉलवर पोट भरायचा तेवढा एकच रस्ता होता. फक्त मिलच्या क्लबाकडून सोडचिठ्ठी पाहिजे होती. तुम्ही मला घेऊन अध्यक्षांकडं गेला. ते म्हणाले, "एक नाव काढलं की उद्या विरोधक म्हणतील सगळा क्लबच खोटा हाय. जमत न्हाई." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्यांच्या खुर्चीमागं उभे होते, नजर खाली. एसटीत मी रडायला लागलो तर तुम्ही डाफरले, "गप रे, पुढच्या साली बघू." पुढच्या साली नांदेडवाल्यांनी दुसरा घेतला. मी बीपीएड करून मास्तर झालो आणि चाळीस वर्षं त्या डाळमिलवाल्याला शिव्या घातल्या. तुम्हाला एकदासुद्धा नाही.

आता पोरीचं ऐका. पहिलं साल बरं गेलं. दुसऱ्या साली टीव्हीवाल्यांचा आणि लीगवाल्यांचा करार फिसकटला. मालकांनी पुरुषांची टीम ठेवली, मुलींची बंद केली. बंद केली म्हणजे काय, तर सकाळी पोरींच्या मोबाईलवर एक पत्र आलं, दुपारपर्यंत खोल्या खाली करा. ही एवढीशी पोरगी दोन गाड्या बदलून एकटी किनवट स्टेशनला उतरली. मुलींची टीम त्यांनी हौसेनं काढलीच नव्हती म्हणे, लीगच्या लायसनच्या अटीत होती म्हणून काढली. अट सैल झाली, पोरी रस्त्यावर! पण करार तीन सालांचा, आणि नाव त्यांच्याकडंच नोंदलेलं. दक्षिणेतल्या एका क्लबाला ती पाहिजे आहे. त्यांनी दोनदा फोन केला. ह्या महिन्याच्या तीस तारखेच्या आत जुन्या क्लबानं सोडलं तर नोंदणी, नाहीतर हेही साल गेलं. मी क्लबाच्या ऑफिसला फोन लावला. एक मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, ती आमची अॅसेट आहे." मी म्हणालो, "अरे, अॅसेट आहे तर जेवायला घाला की तिला! खेळवा की!" तो म्हणाला, पॉलिसी डिसिजन आहे. नऊ फोन केले मी, नवव्याला त्यांनी उचलायचंच बंद केलं.

मग लातूरला गेलो. आता अध्यक्ष त्या डाळमिलवाल्यांचा पुतण्या आहे. मिलच्या ऑफिसात भिंतीएवढा टीव्ही, अंगात परदेशी क्लबाचा शर्ट, पाठीवर स्वतःचं आडनाव छापलेलं. मला चहा पाजून त्यानं तासभर परदेशातला कोणता खेळाडू कुठल्या क्लबात गेला हे सांगितलं. बाहेर क्लासची पोरंही तसलेच शर्ट घालून सायकलवर चाललेली, आणि अख्ख्या लातुरात त्यांना लाथ मारायला मोकळी जागा नाही. मी म्हणालो, "साहेब, राज्य संघटनेला एक पत्र द्या पोरीसाठी." तो म्हणाला, "गुरुजी, पुढच्या महिन्यात इलेक्शन हाय. त्या क्लबाचे मालक आपल्या पॅनलचे हायेत. आत्ता कशाला वाकडं घ्यायचं?" निघताना मी मुद्दाम विचारलं, तुमच्या मिलचा क्लब अजून आहे का? "हाय की! दरसाली रिन्यू करतो," म्हणाला. कदाचित त्या यादीत अजून मी असेन, सर. सत्तावन्न वर्षांचा, फॉरवर्ड.

परतीला पोरीच्या आईला भेटलो. ती तेलंगणातल्या कामावरून गावी परतली होती, पोरगी तिच्यासोबत आता कापूस वेचायला जाते. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर, मला सही येते. बचत गटात शिकले. निरोप दिला असता तर आले असते मी, गाडी हाय की तिकडून." तीस वर्षांत मी किती फॉर्मवर सह्या केल्या असतील, एकदाही माझ्या मनात आलं नाही की कुणाला तरी विचारावं. मला वाटायचं मी तुमच्यासारखा वागतोय. मला त्याचा अभिमान होता, सर. गुरुपौर्णिमेला पोरांसमोर तुमच्या त्या हिरव्या सह्यांची गोष्ट सांगायचो मी!

पण राग आला तो नांदेडला, गेल्या आठवड्यात. कोर्टात माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. त्यानं चौदाही पानं वाचली आणि विचारलं, "सर, ही पालकाची सही कोणाची?"

"माझी."

"तुम्ही हिचे कोण?"

"मास्तर."

तो हसायलाच लागला. "मग काय टेन्शन घेऊन राहिलात? सज्ञान नसलेल्या पोरीचा करार, आणि सही करणारा पालकच नव्हे. असा करार उभाच राहत नाही. तुम्ही फक्त लिहून द्या की मी पालक नाही, आईला विचारलं नव्हतं. फेडरेशन दोन दिवसांत नाव मोकळं करतंय." मग त्यानं पानं मिटली. "पण सर, ते तुमच्या अंगलट येईल. खोटी सही म्हणतील. खात्याची चौकशी लागली तर पेन्शन अडकते."

मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो. तुम्हालाही एवढंच बोलायचं होतं! "अध्यक्षसाहेब, फॉर्मवर सही माझी हाय, मी ह्याचा बाप नव्हं." मिलचा क्लब तिथंच कोसळला असता, मी सुटलो असतो. तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून तर नजर खाली होती. नोकरीची भीती वाटली ना? नोकरी गेली असती तर आम्ही सातआठ जण कुठं जेवलो असतो, तेही कळतंय मला. कळतंय आणि तरी राग जात नाही. निदान मला सांगायचं होतं. मेल्यावर वकिलाकडून कळावं? मी तुमच्या पाया पडत राहिलो हो, आणि तुम्ही पडू दिलं.

त्याच दिवशी नांदेडच्या स्टँडवर बसून मी अर्ज लिहिला. स्वच्छ मराठीत, एक पान. मी पालक नाही, आईला विचारलं नव्हतं, करारही वाचला नव्हता, कारण फोटोवाला घाई करत होता. खाली सही, तारीख. चार महिन्यांवर रिटायरमेंट, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय, म्हणून विचार करायला एक दिवस घेतला. मग अजून एक.

काल तीस तारीख होती. अर्ज पिशवीत आहे. संध्याकाळी पोरगी शाळेच्या फाटकापर्यंत चालत आली, ओढणीला कापूस चिकटलेला. मी तिला सांगितलं, क्लबवाल्यांनी सोडलं नाही, फार प्रयत्न केला. ती म्हणाली, "जाऊ द्या सर. तुम्ही लई केलं माझ्यासाठी." आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.