मालवणची लिवणारी बाय

३ फेब्रुवारी
गोव्याहून परत. सुनंदाचा रिपोर्ट स्वच्छ. माझ्या फुप्फुसात बारीक डाग. कसला ते आत्ताच सांगता येत नाही, एप्रिलात पुन्हा स्कॅन, असं डॉक्टर म्हणाले.
पावसाळाभर केमोला आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. तिचंही स्तनाचंच, औषध तेच, सलाईन एकाच वेळी लागायचं. ती दोडामार्गकडची, काजूबागेची. मी तिला मिठी मारली, बरं झालं गो म्हटलं. इन्सुलीचा नाका येईपर्यंत प्र.शी एक शब्द बोलले नाही. नवराच तो, त्याला कळलं. त्याने रेडिओ लावला.

९ फेब्रुवारी
सु.ने फोटो पाठवला. भाताचा तरवा उगवावा तसे केस. मला तिचे केस नको आहेत. तिलाही ते नसावेत, एवढंच.
लिहून ठेवलं. खोडणार नाही.

२१ फेब्रुवारी
बोटं अजून बधिर. पेन धरलं की धरलंय हे बघून कळतं. जानेवारीत लिहायला घेतलेली कथा तिसऱ्या पानावर पडून.
सु. कलमं बांधतेय म्हणे. हाताने.

६ मार्च
तिने मालवणच्या एसटीत कंडक्टरकडे ओले काजू पाठवले, सोललेले. चिकाने बोटं काळी करून घेतली असणार. प्र.ने उसळ केली, दोनदा वाढून घेतली. मला तोंडात खडू चघळल्यासारखं. ‘त्यांना फोन तरी कर,’ म्हणाला. त्या बाईंचा उत्साह बघ, हेही म्हणाला. ते नसतं म्हटलं तर मी फोन केला असता.

१५ मार्च
शेवटी तिचाच आला. आधी काजूबद्दल आभार मानले, कोरडेच. मग तिने हळूच सांगितलं. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती देवळात नारळ ठेवायला गेली होती. गुरवाने तिच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. तिचं संपल्यावर ती म्हणाली, आणखी एक घाला, माझ्या मैत्रिणीचं. गुरव विचारतो, नाव काय, आडनाव काय, गाव कुठला, घर कोणाचं. आणि हिला काहीच माहीत नाही. फोनमध्येही मी ‘मालवण’ म्हणूनच आहे.
‘मगे काय करतलंय? मालवणची लिवणारी बाय म्हणान सांगलंय. गुरवान तसाच घातल्यान. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटल्यानी.’
मी विचारलं, माझा नारळ कोणी ठेवला?
‘तुझो नारळ तूच हाडूचो. बरा झाला की येतलंस.’
तिच्या सुनेचं बाळंतपण कधी, कुठला काजू बहरला, सगळं मला पाठ. माझं नाव-आडनाव तिला सांगायचं मला सुचलं नव्हतं.

१६ मार्च
प्र.ला सांगितलं. म्हणाला, ‘पत्ता अपुरा. पोस्टमनने परत पाठवलं असतं.’ हसले. बऱ्याच दिवसांनी, पोट दुखेपर्यंत.
मग दुपारी आडवी पडले आणि पुन्हा तेच. तिच्याकडे एवढं उरलंय की दुसऱ्यासाठी मागू शकते. मी तिथे उभी असते तर तिचं नाव निघालं असतं का माझ्या तोंडून? यातही तीच पुढे.

२० मार्च
नवीनच काळजी. मालवणात लिहिणाऱ्या आणखी दोघीतिघी आहेत. एकीला तर यंदा पुरस्कारही मिळालाय. माझं गाऱ्हाणं तिच्या नावावर जमा झालं तर?
प्र. म्हणाला, तुझं काही खरं नाही.

२ एप्रिल
न राहवून सु.ला फोन. नाव, आडनाव, गाव, वाडी, सासऱ्यांचं नाव, सगळं सांगितलं.
‘आता कित्याक? देवान वळाकल्यान आसतला.’ आणि मग, ‘तू लिवतंस मा पण?’
हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बसले आणि खरंच अर्धं पान लिहिलं. अक्षर वेडंवाकडं. तिला खोटं सांगितलं असं व्हायला नको म्हणून.
त्या देवळातली माणसं मी पाहिलेली नाहीत. कोणी दाढी खाजवत, कोणी घाईत, घरी भात लावून आलेलं. माझ्यासाठी होय म्हणाली. हे मनातून जात नाही.

११ एप्रिल
स्कॅन झाला. बाकावर बसून लिहितेय. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत.
सकाळी प्र.ने परसातला नारळ सोलला, शेंडी ठेवून, काही न विचारता डिकीत टाकला. येताना वळणावळणावर घरंगळत होता. चांगलं आलं तरच दोडामार्गवरून जायचं, असं मनात होतं. आत्ता प्र. चहा आणायला निघाला तेव्हा त्याला सांगितलं, काहीही आलं तरी तिकडूनच. ‘काहीही?’ त्याने विचारलं. मी मान डोलावली.
सु. दारात उभी असेल, केस विंचरून. मला ते बघवणार नाही. तरी
आतून नाव पुकारतायत. आडनावासकट.