चौथ्या रॉडचे पाच ग्रॅम

ग्रँट्सव्हिल, जुलैचा शेवटचा मंगळवार

...त्या सोमवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, त्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडला, घेवडा भिजत घातला, पावाची कणीक मळून उबेला ठेवली आणि मग स्वयंपाकघरातला जुना तराजू धुवायला घेतला. एका पारड्याच्या खाली चिकटपट्टीने पाच सेंटचं नाणं डकवलेलं सापडलं. कुणाचा तरी चावटपणा, असं म्हणून मी ते सोलून काढलं, बरणीत टाकलं आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेले. यात पत्रात लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल, वन्सं. मलाही पाच महिने तसंच वाटत होतं.

पण मी पत्राला भलत्याच टोकाकडून हात घातला. आधी तुमची चौकशी करायला हवी होती. तर, गुडघ्यातलं पाणी काढल्यावर जिना चढता येतो का? आणि तो गुडघा डावा की उजवा, हे मला नक्की कळवा (कारण आहे, पुढे येईल). तुमच्याकडे डेल्टाला खरबुजं धरली असतील. मांजर परत आलं का? माझी तब्येत ठीक आहे. झोप येते. जेवताना अजून दोन ताटल्या काढते आणि एक परत ठेवते, पण आता ठेवताना हात थांबत नाही.

आता इंजिनाबद्दल. थेनला पुरलं त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "अर्डिथ, ते लोखंड बर्डेटला देऊन टाक आणि तिथे शिवणयंत्र ठेव." तुमचा भाऊ होता तो, तुमचा शब्द मला मोडवत नाही. म्हणून मी शिवणयंत्र खरोखर गॅरेजमध्ये नेलं. फक्त लोखंड हलवलं नाही. एकोणीस वर्षं तो दर ऑगस्टला मिठाच्या मैदानावर आपली गाडी पळवायला जात होता आणि एकोणीस वर्षांत ताशी एकशे शहाण्णव मैलांच्या वर गेला नाही. दोनशेला चार कमी. हे नवं इंजिन त्या चारासाठी होतं: जुन्या लष्करी ट्रकचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं, एका मेंढपाळाकडे बावीस वर्षं पाणी उपसत बसलेलं. फेब्रुवारीत थेन गेला तेव्हा ते अर्धं जुळवून माझ्या चांगल्या फुलाफुलांच्या चादरीखाली होतं. (चादर कुठे गेली हे मी तेव्हापासून शोधत होते.)

मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणारी वस्तू घरात असली की मला चैन पडत नाही, हे तुम्ही जाणता. फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून मी इंजिनांवरची तीन पुस्तकं आणली. एक तर दोनदा वाचलं. त्यात एकही खून नाही, तरी शेवटपर्यंत खाली ठेववत नाही. इतका लांब दांडा, ज्याला सहा दट्टे आळीपाळीने पिळतात, तो तुटत का नाही, हा प्रश्न मला भांडी घासतानाही पडायला लागला. बर्डेटला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, कधीकधी तुटतो." हा बर्डेट म्हणजे थेनचा लेथवाला मित्र, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तरी मायक्रोमीटर मीच वाचणार असा हट्ट.

एप्रिलमध्ये आम्ही पुढचा दातेरी गिअर बसवला. तो तापवून फुगवायचा आणि गरम असतानाच दांड्यावर एका दमात सरकवायचा. मध्येच थांबलात तर तिथेच चिकटतो आणि मग रडत बसा. तापवायचा कुठे? माझ्या ओव्हनमध्ये. नेमक्या त्याच वेळी चर्चच्या महिला मंडळाच्या नोलाबाई चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं घेऊन आल्या (थेनला जाऊन दोन महिने झाले तरी त्यांचे बटाटे थांबले नव्हते) आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ते ओव्हनमध्ये सारलंसुद्धा. "अगं, आत काय आहे? केक?" मी म्हटलं, "नाही, गिअर." त्या म्हणाल्या, "थोडा करपलाय." घड्याळ वाजलं तशी मी हातमोजे चढवून त्यांच्या अंगावरून गॅरेजकडे धावले. गिअर एका दमात बसला. बटाट्यांना मात्र तेलाचा वास लागला. बर्डेटने ते तीनदा मागून खाल्ले.

मग थेनची वही. शेवटच्या पानावर, बुधवारी लिहिलेलं: "चौथा पुन्हा बघ." गुरुवारी तो धान्याच्या दुकानात रांगेत उभा असताना गेला. चौथा काय? आम्ही चौथं सगळं बघितलं. चौथा दट्ट्या, चौथं बेअरिंग, चौथी झडप. बर्डेट वैतागला. "वहिनी, हे इंजिन आहे, बायबल नाही. एका ओळीचे किती अर्थ काढाल?" मी म्हटलं, बायबलात तरी पुढची ओळ असते.

या महिन्याच्या सुरुवातीला मी लोण्याचं एक पौंडाचं नवं पाकीट आणलं आणि सहज तराजूत टाकलं, तर ते पौंड भरेना. थोडंसंच कमी, पण कमी. दुकानदाराला सुनवायला मी टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि मला ते नाणं आठवलं. परत आले, बरणीतून पाच सेंटचं नाणं काढलं, पारड्याखाली डकवलं. लोणी बरोबर एक पौंड.

मागच्या नाताळात ते पारडं माझ्याच हातून पडलं होतं आणि कडेचा टवका उडाला होता. थेनने न बोलता खालून नाणं लावून तोल सांभाळला. पाच ग्रॅमचं असतं ते. मला सांगितलंही नाही; सांगितलं असतं तर मी नवा तराजू आणला असता, आणि हा माझ्या आईचा आहे हे त्याला माहीत होतं. त्याच तराजूवर त्याने सगळे रॉड, म्हणजे दट्टे त्या लांब दांड्याला जोडणारे हात, घासून सारख्या वजनाचे केले. शनिवारी पाच. चौथा बर्डेटकडे दुरुस्तीला होता, तो आला मंगळवारी. आणि मधल्या सोमवारी मी तराजू धुतला होता.

बर्डेटला सांगितलं तर तो खालीच बसला. पण इंजिन उघडायला तयार होईना. "थेनने आवळलेले बोल्ट आहेत ते. मी हात लावणार नाही." मी म्हटलं, "मग पाना इकडे द्या." ते बोल्ट सैल करताना मला बरं वाटलं असं नाही. एकेक सोडवताना मी थांबत होते. पण चौथा रॉड एका पारड्यात, तिसरा दुसऱ्यात, तिसऱ्याजवळ बरणीतलं तसंच दुसरं नाणं, आणि काटा मधोमध उभा राहिला. मी पुस्तकातल्या रीतीने हिशेब केला होता: मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना तेवढे पाच ग्रॅम म्हणजे बावीस पौंडांचा ठोसा, सेकंदाला शंभर वेळा. बर्डेटने टोपी काढली. "पाच सेंटांत आपण आकाशात गेलो असतो, वहिनी." चौथा मी घासला. बोल्ट मी आवळले. पारड्याखालचं नाणं तिथेच राहिलं.

मागच्या शनिवारी सकाळी दहाला इंजिन सुरू केलं. कुणीतरी जाड कापड एका दमात फाडत जावं आणि ते संपूच नये, असा आवाज. बर्डेट डोळे पुसत म्हणाला, धूर गेला डोळ्यांत. धूर नव्हता. कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मैदानावर जायचं नक्की आहे. चालकही ठरला आहे. गुडघ्याला जपा.

तुमची,
अर्डिथ

ता. क. ही गाडी आपली आपण सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागून ट्रकने पन्नासपर्यंत ढकलावी लागते, धक्का न देता. एकोणीस वर्षं ते काम माझं होतं. तुम्ही सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलीत आणि एकाही पोराचा डबा सांडू दिला नाहीत. ट्रकचा ॲक्सिलरेटर उजव्या पायाला आहे. म्हणून गुडघ्याचं विचारलं.

आणखी एक. तुम्ही विचाराल, यंदा तू का ढकलत नाहीस? कारण मागे आणि पुढे एकदम बसता येत नाही. नव्या चालकाला पहिल्या फेरीत दीडशेच्या वर सोडत नाहीत, मग पायरीपायरीने. त्यामुळे दोनशेची घाई नाही. मुलांना कळवू नका.

बुधवार. काल पोस्टाची वेळ टळली म्हणून पाकीट अजून उघडंच आहे. आज सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, गाडीतली थेनची सीट सोडवली, चार इंच पुढे सरकवून पुन्हा आवळली आणि आत बसून पाहिलं. पाय पोहोचतात.