बाप्यासारखे खांदे

आई,

आत्ताच रोह्याहून आले. पायातले बूट अजून काढलेले नाहीत, चहा ठेवलाय तो उतू जाईल, पण आधी तुला सांगायचंय. आज बायकांच्या कबड्डीच्या अंतिम सामन्याची पंच मी होते! तू गेलीस तेव्हा मी पंचाची परीक्षासुद्धा दिली नव्हती. आता माझी शिट्टी वाजली की अख्खं मैदान थांबतं.

आणि आज खरंच थांबवलं. एका संघात एक पोरगी आहे, विशीची असेल, अंगाने रुंद, काळीसावळी, केस बारीक कापलेले. काय चपळ खेळते! पण ती चढाईला निघाली की दोरीजवळची चारपाच पोरं ओरडायची, "अरे, हिचं आधार कार्ड बघा रे कुणी! बाई हाय का बाप्या?" लोक हसायचे. आधी तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा तिचा पाय अडखळला, कुणाला न शिवताच ती परत आली आणि मान खाली घालून उभी राहिली. ती मान मी ओळखते, आई.

रोह्याचीच माणसं मला बघायला आली होती, आठवतं? त्याआधी कितीतरी दिवस तू मला डाळीचं पीठ आणि साय चोळत होतीस. "खांदे आनखी वाढतील गो, मग कोण करील तुला?" म्हणत माझे खेळायचे कपडे पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं होतंस. पदर घट्ट लपेटून मी पाटावर बसलेय. मुलाची मावशी माझा दंड दाबून बघते, बाजारात वांगी बघावीत तसा, आणि म्हणते, "मुलगी कामाची आहे, पण अंगानं अगदी बाप्या वाटते." बाबा जमिनीकडे बघतात. मला वाटतं, आता तू सारवासारव करशील. तू तिच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलून घेतेस. "ते खांदे माझे हायत," तू म्हणतेस. "मिठागरात पाट्या वाहून माझे झाले, हिला जन्मानंच आले. बाईचेच खांदे हायत. नाय आवडले तर नाय." ती माणसं चहा न घेता गेली. संध्याकाळभर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी उठले तर माझे खेळायचे कपडे धुऊन वाळत होते, तेही रस्त्याकडच्या दोरीवर, सगळ्या आळीला दिसतील असे.

तर आज मी शिट्टी वाजवली आणि खेळ थांबवला. आयोजक धावत आले. "मॅडम, पोरं हायत, गंमत करतात. चालू करा."

मी म्हटलं, "त्यांची गंमत आधी संपू दे. पोरं बाहेर गेली की चालू."

हाताची घडी घालून मधल्या रेषेवर उभी राहिले. यापुढे मला कोण बोलावणार, हे मनात आलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. "भायेर व्हा रे! आमाला खेळ बघायचाय!" तिच्यामागे रांगच्या रांग उठली. गेली गो आई, पोरं गेली!

त्यानंतरच्या चढाईत ती पोरगी थेट आत घुसली. एकीने पाय धरला, दुसरीने कंबर, तिसरी पाठीवर पडली, आणि ही तिघींना ओढत, खरडत, रेषेला हात लावून मोकळी! पंचाला टाळ्या वाजवता येत नाहीत. मी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. त्या चढाईनेच सामना फिरला आणि तिचा संघ जिंकला. नंतर पाणी पिता पिता ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, तुमी पण खेळायचात ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"खांदे बघूनच कळलं," म्हणाली, आणि काय गोड हसली!

नागोठण्यापासून पेणपर्यंत एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मलाही ठाऊक नाही आणि तुलाही. एवढं मात्र तुलाच सांगते. बक्षिसांनंतर फोटो काढताना सगळ्याजणी मला मधे बोलावत होत्या. मी मागच्या रांगेत, कडेला गेले आणि खांदे एकीच्या आड लपवून उभी राहिले.