दारातली खुर्ची आणि मागचा जिना

ता. ४ फेब्रुवारी

चि. नातीस अ. उ. आशीर्वाद.

मी, तुझ्या बापाचा बाप, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा शिवणकाम, हल्ली निवृत्त, या कुटुंबाचा कर्ता पुरुष, पूर्ण शुद्धीवर राहून कळवितो की, तुझे संमतिपत्र व सोबतची पाने पोहोचली. सही केलेली नाही. करणारही नाही.

समकालीन ब्रिटिश कादंबरीतील ओळख आणि स्थळ, हा तुझ्या प्रबंधाचा विषय तुझ्या आईकडून समजून घेतला. त्यांतील नायक म्हणे तीनशे पाने मी कोण, मी कुठला, असे विचारीत हिंडतो. आमच्या दुकानात असा इसम आला असता, तर आपण किती कापडाचे आहोत, एवढे तरी त्यास कळले असते. परंतु शेवटच्या प्रकरणात त्या भरकटलेल्या मंडळींच्या शेजारी तू मलाच नेऊन बसविलेस! आजोबा इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसतात, कारण घरात त्यांना जागा उरलेली नाही, असे तू लिहितेस. ती खुर्ची मी स्वखुशीने तेथे ठेविली आहे. माझ्या नजरेखालून गेल्यावाचून या इमारतीत कोणी शिरत नाही. मजकूर दुरुस्त कर, मग सहीचे पाहू.

राग आहे, आशीर्वादात मात्र कपात नाही.

तुझा आजोबा


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

कादंबरीतल्या माणसांचं बरं असतं, ती रुसत नाहीत. जिवंत माणसाबद्दल लिहायचं तर त्याची सही हवीच, असं आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात. महिनाअखेरपर्यंत ती आली नाही, तर प्रकरण बाद आणि माझी पदवी सहा महिने पुढे.

लाडीगोडी तुम्हाला चालत नाही, म्हणून खरंच सांगते. ते वाक्य मी तुमची बाजू सांभाळून लिहिलं होतं. तुम्ही दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं नजरेनं माप घेता आणि ते चारचौघांत मोठ्यानं सांगता. वरच्या नर्सबाईंची कंबर दोन इंच वाढली, टपालवाल्याचा डावा खांदा उतरला, बाबांचं पोट तर रोजचंच. तेव्हा आता सगळे मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करतात. आईसुद्धा. तुमच्या नजरेखालून जातं ते फक्त मांजर. खोटं वाटत असेल, तर हे पत्र तुमच्या हाती कुठून येतं ते बघा.

आता काय लिहू, ते तुम्हीच सांगा. रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका.

तुमची आगाऊ नात


ता. १७ फेब्रुवारी

चि. नातीस अ. आ.

तुझे पत्र मागच्या जिन्याने, स्वयंपाकघरातून आले.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तुझ्या बापास पोटावरूनही काही म्हटले नाही, तेव्हा तो घाबरून डॉक्टरांस आणावयास निघाला. मागच्या जिन्याने.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची उचलली व त्याच जिन्याच्या पायथ्याशी नेऊन टाकली. तेथे वाराही बरा आहे. नर्सबाई मला पाहून मधल्याच पायरीवर थबकल्या. मी केवळ नमस्कार केला. त्या खाली आल्या, पुढे गेल्या, परत आल्या, आणि कमरेचे काय म्हणता, असे आपण होऊन विचारू लागल्या. मी म्हणालो, विचारल्यावाचून माप सांगणे मी सोडले आहे. त्या म्हणाल्या, मग हे विचारलेच की! अर्धा इंच कमी झाल्याचे ऐकून त्यांनी मला चहा पाजला.

सही सोबत आहे. जागा उरलेली नाही, हे वाक्य काढून टाक. स्थळ बदलून मागचा जिना लिही. ओळख तीच ठेव.

पदवी घेऊन ये, आणि येताना याच बाजूने ये.

तुझा आजोबा

सहीसमयी समक्ष हजर साक्षीदार: वरच्या नर्सबाई, टपालवाला, दोन्ही खांदे सरळ करून, तुझी आई, भाजीच्या पिशवीसह, आणि तुझा बाप, पोट आत ओढून.