हरभऱ्याची आंब

नाशिक,
१२ डिसेंबर १९९१

तीर्थरूप आईस, वसंताचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. काम नीट चाललं आहे. थंडी मात्र आपल्या अंबडपेक्षा जास्त आहे.

रविवारी बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी मिळाली. खळखळून धुतली, लसणाची फोडणी दिली. खोलीत सोबत राहणारा बद्रीनाथ एका घासात उठला. "वसंता, हे बैलापुढं टाक. मी न्हाई खात." तेव्हा कुठे तुझं बोलणं आठवलं : "धुतली की पानावरची आंब जाती, मंग उरतं निस्तं गवत."

अण्णा उपरण्यात शेंडे खुडून आणायचे आणि तू लगेच चूल पेटवायचीस. यंदा शेंडे कोणी खुडले?

तातेरावकाका इथे येऊन गेले. अण्णा गेल्यापासून तू शेताकडे फिरकत नाहीस, भाकरी नुसत्या तिखटाशी खातेस, असं ते म्हणाले. "एकटीसाठी काय करायचं?" असं तू त्यांना म्हणालीस म्हणे. आई, बद्रीनाथ आता माझ्या हातचं खात नाही. मीही एकट्यासाठीच करतो.

संक्रांतीला येतो, पण तोवर घाटे धरतील आणि भाजी निबर होईल. माझ्यासाठी थोडी सुकवून ठेव. कोवळी आहे तोवर एकदा तुझ्यासाठी कर, न धुता. आंबट झाली होती का, ते काकांकडून दोन ओळी लिहवून कळव. मी वाट पाहतो.

तुझा मुलगा,
वसंता