पोचलं का

आबा, आज इथे नाचायला बंदी आहे. थट्टा नाही, कायदाच आहे तसा. नोव्हेंबर संपत आला की एक रविवार मेलेल्या माणसांचा असतो, टोटेनझोन्टाग म्हणतात त्याला. सकाळी लोक कबरींवर जाऊन लाल काचेतले दिवे लावतात आणि त्या दिवशी चारचौघांत नाच करायचा नाही. तुमच्या पितृपंधरवड्यासारखंच म्हणा. तेव्हा लाउडस्पीकर न्यायला तुमच्या गोदामाकडेही कुणी फिरकायचं नाही. लग्न नाही, वास्तुशांत नाही. मग तुम्ही सगळे भोंगे खाली उतरवून पुसायला घ्यायचात आणि मला वायरींचे गुंते सोडवायला बसवायचात. इतकी वर्षं स्टुटगार्टात काढली, पण हा दिवस मला ठाऊक नव्हता. म्हणून तर मी नेमकी आजचीच तारीख धरली. बारच्या कॅलेंडरवर तेवढाच एक रविवार रिकामा दिसला आणि मी मनात म्हटलं, चला, नशीब उघडलं.

मी काय करते ते तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, टेकडीवरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत एक जुना बार आहे, तिथे मी गाणी लावते. याला डीजे म्हणतात, पण ट्रकवर स्पीकरच्या भिंती रचून लोकांच्या खिडक्या हादरवतात तसलं हे काम नव्हे. रेकॉर्ड लावायची दोन यंत्रं, एक लॅपटॉप, आणि तुम्ही नाक मुरडाल एवढेसे दोन स्पीकर. लावते मात्र वाट्टेल ते. सनईच्या मागे बाल्कनातला ब्रास बँड, त्याच्या मागे आफ्रिकेतली गिटार, मध्येच एखादी बैठकीची लावणी, मग इथल्या खलाशांचं एखादं जुनं गाणं. बारच्या मालकिणीने याला नाव ठेवलं 'क्राऊट उंड र्‍युबेन', म्हणजे कोबी आणि सलगम, म्हणजे नुसता गोंधळ. दुसऱ्या दिवशी मी लावलेल्या गाण्यांची लिस्ट करते आणि ज्यांनी मागितली त्या सगळ्यांना पाठवते. शिवाय एकीला पाठवते, तिने कधीच मागितलेली नाही.

ती तुमची नात. एकोणीस वर्षांची आहे. तिचे बाबा आणि मी वेगळे झालो तेव्हा ती सोळाची होती आणि ती त्यांच्याबरोबर वोल्फ्सबुर्गला गेली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते जर्मन. पगारासाठी मी दिवसभर नव्या गाड्यांमध्ये बसून कुठलं दार कुरकुरतं, कुठली काच वाजते ते ऐकत असते. तेच धरून ती जाताना दारात म्हणाली, "तू दारांचं ऐकतेस, आई. माझं कधीच नाही." एवढं बोलून बॅग घेऊन जिना उतरली. तेव्हापासून फोन घेत नाही. वाढदिवसाला पाठवलेलं पार्सल परत येत नाही, हेच काय ते उत्तर. आधी मी लांबलचक मेसेज लिहायचे, ते वाचून मलाच माझी कीव यायची. लिस्ट पाठवायला लागले तशी मला एक सोय झाली. लिस्ट सगळ्यांनाच जाते, तशी तिलाही जाते, यात मी काही हात पसरलेले नसतात. फोनवर मेसेज पोचल्याच्या दोन खुणा उमटतात. वाचल्याचं कळायची सोय तिने बंद करून टाकली आहे. तीन वर्षं मी या दोन खुणांवर जगते आहे, आबा, आणि आता माझ्याच्याने होत नाही.

परवा मालकिणीचा फोन आला. मला वाटलं खुर्च्यांचं काहीतरी असेल. "आल्झो," ती म्हणाली, "रविवारी टोटेनझोन्टाग आहे हे तुला माहीत आहे ना? नाच चालणार नाही. ऑर्डनुंग्झआम्टचा माणूस येऊन गेला तर मला भारी पडेल." ऑर्डनुंग्झआम्ट म्हणजे इथलं नियम पाळले जातात की नाही ते बघणारं ऑफिस. मी विचारलं, मग रद्द करायचं का? ती म्हणाली, "ऐकायला बंदी नाही. लोकांना बसव आणि ऐकव." मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. डिसेंबरपासून ती रविवारी बार बंद ठेवणार आहे, गुडघे साथ देत नाहीत. "म्हणजे हा शेवटचा. मला वाईट वाटतंय, खरंच." मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसले, गॅसवर कुकर शिट्ट्या देत होता तो बंद करायचंही सुचेना. बार नसला तर लिस्ट कुठली? आणि लिस्ट नसली तर मी माझ्या पोरीला काय म्हणून मेसेज करू? कुणी म्हणेल, घरी बसून कर की लिस्ट. पण मग ती फक्त तिच्यासाठी केलेली होईल, आणि तेवढं उघडं पडायची माझी छाती नाही.

त्यात काल, शनिवारी, तिच्या बाबांचा मेसेज आला. आमचं बोलणं कामापुरतं असतं. "शी इज मूव्हिंग टुडे. र्‍युसेल्सहाइमला हॉखशूलमध्ये अ‍ॅडमिशन झालीय, तुला सांगितलं नसेल तिने. रूम आत्ता मिळाली. ट्रेनने जातेय, एकटीच." "तिला सोडायला तुम्ही का नाही गेलात?" असं मी त्यांना लिहिलं आणि खोडलं. मी कुठल्या तोंडाने विचारणार. तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पोचलीस का? दोन खुणा आल्या. मग काही नाही. भाजी चिरताना फोन समोर, कपडे वाळत घालताना फोन खिशात. ट्रेन उशिरा येणं, रद्द होणं इथे रोजचंच आहे, तेवढं कारण मी संध्याकाळपर्यंत पुरवलं.

आज दुपारी खुर्च्या मांडल्या. माणसं मोजकीच आली. पुण्याचं एक जोडपं नेहमी येतं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि भरपूर नाचतात. त्या मुलाने कोट काढत विचारलं, "ताई, आज नुसतं बसायचं? श्राद्धाला आल्यासारखं वाटतंय." त्याची बायको म्हणाली, "गेनाऊ, अगदी तसाच दिवस आहे आज. बस गप." मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. गाणी लावताना मात्र माझे हात सुटेनात. नाच असला की लोकांच्या पायांकडे बघून कळतं पुढे काय लावायचं. बसलेल्या माणसांकडे बघून काहीच कळत नाही, ती आपली कपातल्या कॉफीकडे बघत बसतात. माझ्या मनात एकच चाललं होतं, हे शेवटचं आहे, आणि ती आता कुठल्या तरी अनोळखी खोलीत एकटी बसली असेल. शेवटी मी तुमची ती रेकॉर्ड काढली.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही नवीन अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तेव्हा दुकानदाराने फुकट दिलेली, कुठल्याशा परदेशी बँडची. तुम्ही ती लग्नात पंगतीला लावायचात. लोक चेष्टा करायचे, साऊंडवाल्याला वेड लागलंय म्हणायचे. एकदा नवरदेवाचा मामा तावातावाने आला, चांगली सिनेमातली गाणी लावा म्हणाला. तुम्ही म्हणालात, "शब्द आले की माणूस घास हातात धरून ऐकत बसतो. जेवू द्या त्यांना." आणि आवाज आणखी थोडा वाढवलात. भोंगा बांधून झाला की सगळ्यात आधी हीच रेकॉर्ड लागायची. मला फाट्यावर पाठवायचात, जिथे आपला रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे. मी धावत जाऊन बाभळीखाली उभी राहायचे. तुम्ही पत्र्यावर उभे राहून भोंगा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचात आणि हाताचा कर्णा करून ओरडायचात, "पोचतंय का?" ते ओरडणं मला ऐकू यायचं नाही, नुसतं तोंड दिसायचं. बँड ऐकू आला की मी हात वर करायचे, मग तुम्ही भोंग्याची तार आवळायचात. मुलीची पाठवणी असली की तुम्ही भोंगा मांडवाकडून काढून रस्त्याकडे वळवायचात. पोरगी फाट्याला वळेपर्यंत तिच्याबरोबर काहीतरी जायला हवं, असं म्हणायचात. त्याचे पैसे कधी लावले नाहीत, आणि असं आपल्या भागात दुसरा कुणी साऊंडवाला करत नव्हता.

माझ्या वेळी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. मी लग्न ठरवलं, जर्मनीला जायचं ठरवलं, आणि ते तुमच्या कानावर चावडीवरच्या लोकांकडून आलं. आईने पोळी वाढली तरी तुम्ही ताटाला हात लावला नाहीत. "गावभर पोचलं आणि माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी," एवढंच म्हणालात. पुण्यात लग्नाला आलात, अक्षता टाकल्यात, फोटोला उभे राहिलात. पण मी घरून निघाले त्या सकाळी तुम्ही गोदामातून बाहेर आला नाहीत. मी दाराशी दोनदा येऊन गेले. आत तुम्ही काहीतरी ठोकत होतात. मग मी गाडीत बसले. पुढे दादाने मला फोनवर सांगितलं की गाडी हलली तसे तुम्ही पत्र्यावर चढलात, भोंगा रस्त्याकडे वळवलात आणि ती बँडची रेकॉर्ड लावलीत. "ऐकलंस का गं?" त्याने विचारलं. काचा बंद होत्या रे, एसी चालू होता, मी म्हटलं. सगळ्यांना मी हेच सांगत आले.

इथे आल्यावर आठवड्याने तुमचा फोन आला. लाइन खराब होती. तुम्ही विचारलंत, "पोचलं का?" मी म्हटलं, "हो आबा, पोचले. इथे थंडी आहे फार." मग म्हणालात, "बरं." आणि फोन आईकडे दिलात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. दादा पहिल्यांदा इकडे आला तेव्हा ती रेकॉर्ड साडीत गुंडाळून घेऊन आला.

आज ती लावली तेव्हा मालकीण काउंटरमागे हातातला ग्लास पुसायची थांबली. संपल्यावर त्या पुण्याच्या मुलाने विचारलं, हे काय होतं. पंगतीचं आहे, मी म्हटलं. सामान आवरलं, मालकिणीने मला मिठी मारली, दोघी थोडं रडलो. मग पायऱ्यांवर बसून मी लिस्ट केली, उद्यापर्यंत थांबवेना. तुमची रेकॉर्ड मी मागेच लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, ती शेवटी जोडली, आणि लिस्ट सगळ्यांना पाठवली, तिलाही. वर नेहमीचं काही लिहिलं नाही. शेवटचं तुझ्या आजोबांचं आहे, एवढं लिहिलं.

मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये असताना तिचा मेसेज आला. तीन वर्षांनी. एकच शब्द, आनगेकोमेन. मी स्टेशन चुकले, पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसले आणि तो शब्द बघत राहिले. आपल्या भाषेत ती पोचले लिहिती किंवा पोचलं लिहिती, आणि मला कळलं असतं. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द. माणूस पोचला तरी आनगेकोमेन, पार्सल पोचलं तरी आनगेकोमेन, गाणं पोचलं तरी तेच. कालच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे की आजच्या लिस्टचं, मला सांगता येत नाही. विचारू शकते. पण विचारलं आणि ती म्हणाली, मी खोलीवर पोचले एवढंच, बाकी मी काही ऐकलं नाही, तर? तुम्हीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतंत. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला तेवढी पडलेली नाही.

आता घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. लिहून झालं की घडी घालून रेकॉर्डच्या पाकिटात ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार. ती ऐकूनही गप्प राहिली असेल असं मला इतक्या खात्रीने का वाटतं, ते कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. काचा बंद होत्या हे खरं आहे. एसीही होता. पण भोंगा तुम्ही बांधलेला होता, आबा. बाभळीपर्यंत स्वच्छ पोचलं होतं. मीच हात वर केला नाही.